युद्धकाळातील गोपनीयता आणि एल्सबर्ग

व्हिएतनाम युद्धाविषयीचा गोपनीय सरकारी अहवाल १९७१ मध्ये वृत्तपत्रांना देणारे अमेरिकी विश्लेषक डॅनियल एल्सबर्ग यांच्यावरील माहितीपटाविषयी आपण लिहिले आहे की, युद्ध चालू असताना सरकारी कागद फोडणे हा द्रोहच होय. मला हे पटत नाही. सुमारे ७,००० पानांचा तो व्हिएतनामविषयक अहवाल १९४५ ते १९६७ या काळातील निर्णयांचा इतिहास होता, उद्याच्या हल्ल्याची योजना नव्हे. शिवाय शांतता-वाटाघाटींचे चार खंड एल्सबर्ग यांनी वृत्तपत्रांपासून जाणीवपूर्वक दूर ठेवले होते. जून १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी वृत्तपत्रांना तो छापण्याची मुभा दिली. एल्सबर्ग यांच्यावरील खटला १९७३ मध्ये रद्द झाला तो सरकारच्याच गैरवर्तनामुळे (त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञाचे कार्यालय फोडण्यापर्यंत मजल गेली होती!).

आपण मराठवाड्यातील माणसांनी तर या प्रश्नाकडे अधिक गांभीर्याने पाहावे. मराठवाडा ज्यात होता ते निजामाचे हैदराबाद संस्थान भारतात आणणाऱ्या १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर मुस्लिमांवर झालेल्या हिंसाचाराची पाहणी करणाऱ्या सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड यांची नोंद केली होती, तरीही तो अहवाल कित्येक दशके अप्रकाशित राहिला. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांचे अत्याचार आपण सांगत आलो, ते सांगायलाच हवेत. पण हा अहवाल साक्षीदार हयात असताना लोकांसमोर आला असता, तर त्या साक्षीदारांची बाजूही वेळीच नोंदवता आली असती.