आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी जायचंय, लेक साडेचार महिन्यांची. बेबी कॅरियर कोणता घेऊ?

अमळनेरची_लेक

नमस्कार मंडळी. माहेर अमळनेर, सासर जळगाव, पिंप्राळा. लेक साडेचार महिन्यांची, वजन ६ किलो १०० ग्रॅम. मान जवळजवळ धरते, पण झोप आली की डोकं कलंडतं. माझं सिझेरियन झालंय. बाईसाहेबांना खाली ठेवलं की अशा रडतात की शेजारच्या काकू "विंचू चावला का गं?" म्हणत धावत येतात. माझा डावा हात आता जन्मभर वाकडाच राहणार बहुतेक.

नणंदेने पुण्याहून एक कॅरियर, म्हणजे बाळ छातीशी बांधायची पट्ट्यांची पिशवी, भेट पाठवलाय. दिसायला झकास, खोक्यावरचं बाळ बाहेर तोंड करून खुदखुदतंय. पण लेकीला त्यात घातलं तर दोन मांड्यांमध्ये जेमतेम चार बोटांची पट्टी, आणि पाय सरळ खाली लोंबतात. सासूबाईंनी एकदाच बघितलं आणि म्हणाल्या, "हे काय, खुंटीला पिशवी अडकवल्यासारखं!" त्यांचं म्हणणं, माझं जुनं लुगडं घे, बांध पोरीला. घरात दोन पक्ष पडलेत.

आखाजीला जळगावहून पॅसेंजरने एकटी जाणार आहे, नवरा दोन दिवसांनी येईल. एक बॅग, एक लेक, मध्ये स्टेशनचा जिना. तो म्हणतो, "स्कूटरवर सोडतो ना स्टेशनला, ती तुझ्या छातीशी बांधलेली, काळजी कसली?" मला नेमकी तिथेच काळजी वाटते. आणि ऊन! आत्ताच दुपारी ४३ दाखवतंय.

तर हाच कॅरियर चालेल, की नवा घेऊ, की लुगडं? आणि आखाजीच्या झोक्यावर ती छातीशी बांधलेली असताना बसलं तर चालेल का? हसू नका. मागच्या आखाजीला नुकतेच दिवस राहिले होते म्हणून आईने झोक्याला हातसुद्धा लावू दिला नव्हता.

भुसावळचा_बाबा

ताई, आम्ही तीन कॅरियर घेतले. दोन माळ्यावर आहेत, त्यामुळे अनुभवाने बोलतो.

पहिला तुमच्यासारखाच होता. पोरगं त्यात दोरीवर वाळत घातलेल्या पायजम्यासारखं दिसायचं. लसीच्या वेळी डॉक्टरांनी बघितलं आणि विचारलं, "हा याच्यात बसलाय की लटकलाय?" मग त्यांनी समजावलं. या वयात खुब्याचा सांधा अजून कच्चा, बराचसा कूर्चेचा असतो. मांडीचं हाड खोबणीत नीट बसायला पाय बेडकासारखे वर आणि बाजूला हवेत. ढुंगण खाली, गुडघे त्याच्यापेक्षा जरा वर, आणि कापड एका गुडघ्याच्या मागून दुसऱ्या गुडघ्याच्या मागपर्यंत पोचलेलं. पाठ या वयात गोलसरच असते, तिला ताठ करायला जायचं नाही. अर्धा तास घातला म्हणून लगेच काही बिघडतं असं नाही, पण रोज तासन्‌तास तसं लोंबकळत ठेवू नका.

नवा लगेच घेऊ नका. एक सुती ओढणी घ्या. बाळ कॅरियरमध्ये बसलं की ओढणी त्याच्या ढुंगणाखालून, दोन्ही मांड्यांखालून पसरून घ्या आणि आपल्या कमरेमागे घट्ट गाठ मारा. चार बोटांची पट्टी गुडघ्यापर्यंत रुंद होते. बायकोने हा जुगाड शोधला, श्रेय मी घेतो.

बाहेर तोंड करून आत्ता अजिबात नको, खोक्यावरचं बाळ कितीही खुदखुदू दे. मान पक्की झाल्याशिवाय नाही, आणि नंतरही थोडा वेळच. मुख्य म्हणजे तसं बसलेलं बाळ पेंगलं तर आपल्याला त्याचं तोंड दिसत नाही.

घालताना मी चार गोष्टी बघायचो. मान किंचित वाकवली की टाळूची पापी घेता आली पाहिजे, नाही आली तर बाळ फार खाली आहे. हनुवटी आणि छाती यांच्यात दोन बोटं मावली पाहिजेत. तोंड कायम डोळ्यांसमोर, कापडात किंवा आपल्या छातीत दबलेलं नको. आणि पाठीवर हलका तळहात दाबून बघायचं, बाळ आपल्याकडे आणखी सरकलं तर पट्टे सैल आहेत. सैल कॅरियरमध्ये बाळ आतल्या आत घसरत गोळा होतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची नळी दबते. गंमत नाही ही. २०१० साली अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने झोळीसारख्या कॅरियरबद्दल जाहीर इशारा दिला होता. त्यांच्याकडे २० वर्षांत १४ बाळं दगावल्याची नोंद होती, त्यातली १२ चार महिन्यांच्या आतली. आवाज होत नाही, धडपड होत नाही, म्हणून डोळे तिथेच ठेवायचे.

तुमच्या पाठीचं म्हणाल तर वजन खांद्यावर नाही, कमरेवर यायला हवं. आधी कमरपट्टा, मग बाळ, मग खांदे. सिझेरियनच्या टाक्यांवर पट्टा घासत असेल तर तो वर घ्या, बाळही आपोआप वर येतं. पहिल्या दिवशी बाळाऐवजी ज्वारीच्या पिठाची पाच किलोची पिशवी घालून घरभर फिरा. मी फिरलो होतो. आई म्हणाली, "रेल्वेने तुले काढी टाकं का?"

ऊन मात्र खरा शत्रू. भुसावळचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. जाळीचा म्हणून महागाचा घेतला, पण आत स्पंज! अर्ध्या तासात दोघांच्या मधे घामाचं डबकं. शेवटी सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर, एवढंच. अंगात नुसतं पातळ झबलं, दोघांच्या मधे मलमलचा तुकडा. हातपाय बघून अंदाज येत नाही, मानेमागे हात लावून बघा. ऊन लागू नये म्हणून तोंडावरून पदर ओढू नका, आत वारा कोंडतो. लेक सहा महिन्यांच्या आतली आहे, वरचं पाणी नको, दूधच जास्त वेळा पाजा.

चोपडेकर

एवढं काय त्यात? आमच्याकडे सगळेच लहान पोरं घेऊन मोटारसायकलवर जातात. सावकाश चालवायची.

माझी आजी टाईप करायला सांगतेय: "काय व माय, कसाले इतला खर्च करस? लुगडाना पदर से ना!"

शहादा_सिस्टर

आजीचं निम्मं बरोबर आहे, नातवाचं पूर्ण चुकीचं.

आधी नातवाचं. छातीशी बांधलेलं बाळ घेऊन दुचाकीवर बसायचं नाही. पुढे नाही, मागेही नाही. नुसता ब्रेक दाबला तरी आई पुढे आदळते आणि मधे बाळ असतं. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी केंद्राचा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे: मुलाला चालवणाऱ्याशी जोडणारा सेफ्टी हार्नेस, डोक्याला हेल्मेट, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. बाजारातला बेबी कॅरियर म्हणजे तो हार्नेस नव्हे, आणि साडेचार महिन्यांच्या मानेला हेल्मेट पेलणारही नाही. ताई, रिक्षा करा. रिक्षात कॅरियर काढायची गरज नाही, पण एक हात डोक्यामागे ठेवा आणि रिक्षावाल्याला आधीच बजावा. चारचाकी असेल तर कॅरियर बाळाच्या कार सीटची जागा घेऊ शकत नाही.

आता आजीचं. मी धडगावकडे काम केलंय. पावरा आणि भिल्ल बाया कापडात पोर बांधून चढ-उतार करतात, मोळ्या आणतात, बाजार करतात. बघत राहावं इतकं ते पोर घट्ट असतं. कापडाला दोष नाही. पण त्यांचे हात लहानपणापासून धाकट्या भावंडांना बांधून तयार झालेले असतात. आपण यूट्यूब बघून गाठ मारतो आणि जिन्यावर ती सैल होते. सासूबाईंना बांधता येत असेल तर त्यांच्याकडून शिका, गादीजवळ उभं राहून, आठ-दहा वेळा. जुनं लुगडं आधी उजेडासमोर धरा. विरलेलं असेल, शिवण उसवली असेल तर बाद. पैठणी-बिठणी नको, रेशीम घसरतं. आणि खांद्यावरून आडवी टाकलेली खोल झोळी, ज्यात बाळ गुंडाळून पडतं, ती या वयात नकोच. उभं, आपल्याकडे तोंड करून.

कमी वजनाच्या बाळांना आम्ही आईच्या उघड्या छातीशी बांधतो, ती कांगारू मदर केअर. १९७८ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, तिथे इन्क्युबेटर कमी पडत होते म्हणून. त्यातही पहिला धडा हाच असतो: बाळाचं डोकं एका बाजूला वळलेलं, मान किंचित वर, नाक मोकळं.

एक विचारते. लेक पायाळू होती का? किंवा घरात कुणाला खुब्याचा त्रास? मुलींमध्ये हा दोष जास्त सापडतो. तसं काही असेल तर कॅरियर घालण्याआधी बालरोगतज्ज्ञांना खुबे दाखवा.

झोक्याचं उत्तर तुम्हाला माहीतच आहे. नाही. खापरावर मांडे भाजतानाही ती अंगावर नको, आणि हातात चहाचा कप असतानाही नको.

चोपडेकर

सिस्टर, रिक्षाचं मान्य. आजी म्हणते निम्मं बरोबर म्हणजे पास.

अमळनेरची_लेक

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. पोचले, सांगायला आले.

लेक पायाळू नव्हती, पण सिस्टरांनी विचारल्यावर राहवेना, म्हणून डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी पाय वाकवून, फाकवून बघितले, ठीक म्हणाले. मग पिठाची पिशवी. नवऱ्याने व्हिडिओ काढलाय, तो मी इथे टाकणार नाही. ओढणीचा जुगाड सासूबाईंना इतका आवडला की गाठ मारायचं काम त्यांनी स्वतःकडेच घेतलं. "आता बसल्यासारखी दिसते," म्हणाल्या. लुगड्याचा पक्ष आणि पुण्याचा पक्ष, दोघांची युती झाली.

सकाळची गाडी धरली. स्कूटर घरी, रिक्षा ८० रुपये, नवरा सगळ्या रस्त्यात गप्प. जिना चढताना दोन्ही हात मोकळे, एकात बॅग, एक कठड्यावर. साडेचार महिन्यांत पहिल्यांदा माझा डावा हात माझा होता. गाडीत बसल्यावर तिला बाहेर काढलं, कारण धरणगाव येईपर्यंत मानेमागे ओलं लागायला लागलं होतं. समोरच्या मावशींनी वारा घातला आणि पट्टे, बकला सगळं तपासून विचारलं, "इतला पट्टा, मांगे ट्रॅक्टर बांधनं से का?"

दोन तक्रारी नोंदवते. मागचं बकल एकटीने लागत नाही. अमळनेरला उतरताना डब्यातल्या एका कॉलेजच्या मुलीला लावायला सांगितलं. म्हणजे एकटीने प्रवास करणाऱ्या बाईने विकत घेताना आधी ते बघावं, कंबरेचं आणि मानेमागचं बकल स्वतःचं स्वतःला लागतं का. दुसरं, पट्ट्याचा काळा रंग घामाने झबल्याला लागला. पोर पट्टा चोखते, म्हणून इथे आल्यावर आईने दोनदा धुऊन वाळत घातलाय.

माहेरी कॅरियर फारसा लागलाच नाही. इथे माझ्या लेकीला उचलायला हातांची रांग आहे. काल गौराईची गाणी सुरू झाली तेव्हा काकूने तिला स्वतःच्या मांडीवर ओढून घेतलं, आणि मी लिंबाच्या झोक्यावर बसले. पोरींनी इतक्या जोरात झोके दिले की आई ओरडायला लागली, टाके आहेत तिचे, टाके! वरून बघितलं तर लेक माझ्याकडे ढुंकूनही बघत नव्हती, काकूच्या बांगड्या चावत होती.

पाठ आज दुखतेय, पण ती झोक्याने.