समभुज चौकोन हा पतंग आहे की नाही?

धागाकर्ता:
पटलं नाही तर बिनधास्त खोडून काढा. पतंगाची व्याख्या दोन तऱ्हेने वाचायला मिळते, एक म्हणजे लगतच्या बाजूंच्या दोन जोड्या एकरूप आणि दुसरी म्हणजे एकच कर्ण दुसऱ्याचा लंबदुभाजक. दुसरी धरली की समभुज चौकोन बाहेर पडतो कारण त्याचे दोन्ही कर्ण एकमेकांना दुभागतात. मला हे साफ चुकीचं वाटतं. समजा कर्ण १६ आणि २१ सेमी आहेत, १६चा कर्ण ८-८ असा दुभागलाय आणि २१च्या कर्णाचे ६ आणि १५ असे तुकडे झालेत. पायथागोरस लावा, बाजू येतात १०, १०, १७, १७ आणि क्षेत्रफळ कर्णांच्या गुणाकाराच्या निम्मं म्हणजे १६८ चौसेमी. आता छेदनबिंदू २१च्या कर्णावर सरकवत न्या, ७-१४ करा, ९-१२ करा, क्षेत्रफळ १६८च राहतं, काटकोन तसाच, सममितीचा अक्ष तोच. मग बरोब्बर १०.५ वर आलं की पतंग नाही आणि १०.६ झालं की परत पतंग?

आठवीची गणित शिक्षिका:
नाही पटलं सर. मुलांना आधी आकृती ओळखायची असते. पतंगाचा एक कर्ण दुभागला जातो आणि दुसरा जात नाही, मुलांच्या डोळ्यांना हाच फरक दिसतो, समभुज आत घेतला की ते वाक्यच लिहिता येणार नाही. आणि ही काही आपल्याकडचीच खोड नाही, युक्लिडने पहिल्या ग्रंथात २२व्या व्याख्येत समभुज सांगताना काटकोन नसलेला असं स्पष्ट म्हटलंय, म्हणजे चौरस त्याने बाहेरच ठेवला. समलंब चौकोनालाही आपण समांतर बाजूंची एकच जोडी म्हणतो ना, तेव्हा कुणी भांडत नाही!

कंपासवाला:
मॅडम, युक्लिडचं खरंय, पण आज वर्गात प्रत्येक चौरस हा समभुज असतो असंच शिकवतो ना आपण? तिथे त्याचं ऐकत नाही मग इथेच का? आणि सिद्धता बघा की. अक्षाचा कर्ण काढला की बाबाबा कसोटीने दोन त्रिकोण एकरूप, म्हणून टोकांचे कोन दुभागले, म्हणून दुसरा कर्ण काटकोनात दुभागला, यात १० आणि १७ वेगळे आहेत हे कुठेच वापरलं नाही. अंतर्वर्तुळाचंही तेच, १० + १७ = १७ + १०, संमुख बाजूंच्या बेरजा सारख्या म्हणून ते बसतं, त्रिज्या १६८ भागिले २७. रेषाखंडाचा लंबदुभाजक काढताना वरच्या आणि खालच्या कंसांना वेगवेगळी त्रिज्या घेतली तरी रेषा बरोबरच येते, फक्त समभुजऐवजी पतंग तयार होतो. एकाच सिद्धतेत दोन्ही बसत असताना समभुजसाठी तेच परत लिहायला लावणं म्हणजे मुलांना राबवणं आहे.

कोपऱ्यातला विद्यार्थी:
मग आत वळलेला पण घ्या की! तेच ६ आणि १५ एकाच बाजूला मोजा, बाजू १० आणि १७च राहतात, पण दुसरा कर्ण होतो ९ आणि क्षेत्रफळ ७२. इथे कर्ण एकमेकांना छेदतच नाहीत, १६चा कर्ण तर आकृतीच्या बाहेर पडतो. कर्णावरून केलेली व्याख्या इथे कोलमडते.

धागाकर्ता:
भारी मुद्दा. कर्ण वाढवून रेषा घेतली तर १६चा कर्ण तिथेही काटकोनातच दुभागला जातो, पण दर वेळी हे जोडत बसण्यापेक्षा व्याख्या बाजूंवरून करावी आणि कर्णांचं सगळं गुणधर्मात टाकावं. मग समभुजही आत, हाही आत.

आठवीची गणित शिक्षिका:
बाजूंवरून व्याख्या करायला माझी हरकत नाही, पण त्या दोन जोड्या भिन्न लांबीच्या असाव्यात ही अट मी ठेवणारच. पेपरात चारही बाजू १० सेमीचा चौकोन ओळखा म्हटलं आणि मुलाने पतंग लिहिलं, तर तुम्ही पूर्ण मार्क देणार का सर?

कंपासवाला:
देणार. त्याने लिहिलेलं खरं आहे, अजून नेमकं नाव हवं असेल तर प्रश्नात तसं विचारावं.