सिहोरी शरबतीची मऊ पोळी: श्रेय बियाण्याचं की काळ्या जमिनीचं?

काळी_माती:
शरबती म्हणून विकला जाणारा चांगला गहू बहुतेक वेळा सी-३०६ असतो. हा वाण १९६५ साली हिसारला प्रसारित झाला, म्हणजे मूळचा हरियाणाचा. तरी नाव झालं ते मध्य प्रदेशातल्या सिहोरचं, आणि त्याचं कारण शेतात आहे. खोल काळी जमीन, एखाद-दुसरं पाणी, खत बेताचं. दाणा भरताना ओल कमी पडली की स्टार्च साठणं आधी मंदावतं, पण पानांतलं नत्र दाण्याकडे येत राहतं. त्यामुळे प्रथिनाची टक्केवारी चढते आणि दाणा टणक, चकचकीत होतो. तोच वाण भरपूर पाण्यावर घेतला की दाण्यावर पिवळट, पिठूळ डाग दिसतात. म्हणून माझं मत असं की ग्लुटेन, म्हणजे कणकेला ताण देणारं गव्हातलं प्रथिन, शेतात घडतं आणि बियाण्याचा वाटा फुगवून सांगितला जातो.

बीजगुण:
पूर्ण असहमत. तुम्ही टक्केवारीबद्दल बोलताय, प्रश्न प्रतीचा आहे. ग्लुटेन दोन प्रकारच्या प्रथिनांचं बनतं: कणकेला चिवटपणा ग्लुटेनिन देतं, पसरण्याची सोय ग्लायाडिन करतं. मोठ्या ग्लुटेनिनची जनुकं १ए, १बी आणि १डी या गुणसूत्रांच्या लांब भुजेवर असतात. १डीवर ५ आणि १० या क्रमांकांच्या ग्लुटेनिन घटकांची जोडी (५+१०) असली की कणीक ताठ होते, कारण ५ या घटकात एक सिस्टीन (गंधक असलेलं अमिनो आम्ल) जास्त असतं आणि साखळ्या गंधकाच्या जोडांनी लांब गुंफल्या जातात. पावासाठी हे उत्तम. सी-३०६ मध्ये त्या जागी २+१२ ही जोडी आहे, म्हणून कणीक सहज लाटली जाते आणि आखडत नाही. जमीन कितीही काळी असली तरी २+१२ चं ५+१० होत नाही.

दुसरं उदाहरण पीबीडब्ल्यू-३४३ या वाणाचं. त्यात १बीच्या आखूड भुजेच्या जागी राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं धान्य) याच्या गुणसूत्राचा तुकडा आहे. त्यातून तांबेऱ्याचा प्रतिकार मिळाला, पण त्या भुजेवरची लहान ग्लुटेनिनची आणि ग्लायाडिनची जनुकं गेली आणि रायची सेकॅलिन नावाची प्रथिनं आली. असा तुकडा असलेल्या वाणांची कणीक हाताला चिकटते, प्रथिन १२ टक्के भरलं तरी.

काळी_माती:
घटकांची यादी बियाण्यात असते हे मान्य. पण कोणता घटक किती बनेल हे कोण ठरवतं? तुम्हीच गंधकाचे जोड म्हणालात, तर गंधकाचाच हिशेब मांडू. दाण्यात नत्र आणि गंधकाचं प्रमाण १७:१ च्या वर गेलं की पीक गंधकाला उपाशी आहे असं समजावं. मग ते जवळजवळ बिनगंधकाचं ओमेगा प्रकारचं ग्लायाडिन जास्त बनवतं आणि गंधक लागणारी लहान ग्लुटेनिनं, गॅमा प्रकारची ग्लायाडिनं कमी पडतात. कणीक ताठरते, ताणली की तुटते, पोळी वातड होते. वाण तोच, पोळी वेगळी.

हे होतं नेहमीच्या खतांमुळेच. हेक्टरी ६० किलो स्फुरद (फॉस्फरस) डीएपी या नत्र-स्फुरदाच्या खतातून दिलं तर १३० किलो डीएपी लागतं आणि गंधक शून्य. तेच सिंगल सुपर फॉस्फेटमधून दिलं तर ३७५ किलो लागतं आणि सोबत ४० किलोच्या आसपास गंधक जातं. फक्त डीएपीतून मिळणारं २३ किलो नत्र इथे मिळत नाही, तेवढं युरियातून भरून काढावं लागतं.

रब्बी_वेळ:
तुम्ही दोघंही उष्णता विसरताय. महाराष्ट्रात खरा घात तिथेच होतो. बागायती गव्हाची वेळेवर पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातली. पेरा डिसेंबरअखेर गेला की दाणा चिकात असताना पारा ३५ अंशांवर चढतो. असे थोडे दिवसही पुरतात: दाणा भरण्याचा काळ आटतो, स्टार्च घटतं, प्रथिनाची टक्केवारी उलट वाढलेली दिसते. पण ग्लुटेनिनच्या मोठ्या साखळ्या नीट जुळत नाहीत आणि ग्लायाडिन बनत राहतं, म्हणून कणीक मळताना सैल पडते. नुसता प्रथिनाचा आकडा पाहून गहू घेणारा इथे फसतो.

बीजगुण:
उष्णतेतही सगळे वाण सारखे ढासळत नाहीत, म्हणून उशिराच्या पेऱ्याला एनआयएडब्ल्यू-३४ सारखा वाण निवडतात. आणि सी-३०६ बुटका नाही, त्याला हेक्टरी १२० किलो नत्र आणि पाच पाणी दिलीत तर पीक लोळेल, दाणा पोचट राहील. किती खत-पाणी पेलवेल हेही वाणच ठरवतो.

काळी_माती:
मग वाद तोंडी नको. एकाच पोत्यातलं बियाणं दोन तुकड्यांत पेरा, एकात सुपर फॉस्फेट, दुसऱ्यात डीएपी, एकूण नत्र दोन्हीकडे सारखं. काढणीनंतर दोन्ही गहू एकाच गिरणीत, पाटा सारखाच बसवून दळा. पीठ बारीक वस्त्राने गाळून कोंडा काढा, नाहीतर तो ग्लुटेनला चिकटून वजन वाढवतो. १० ग्रॅम पिठात साडेपाच मिली पाणी घालून गोळा करा, २० मिनिटं पाण्यात बुडवून ठेवा आणि २ टक्के मिठाच्या पाण्यात दाबत धुवा. नुसत्या मऊ पाण्यात ग्लुटेन सुटं होऊन वाहून जातं. धुवण नितळ झालं की पिळून वजन करा. अडीच ते तीन ग्रॅम ओलं ग्लुटेन ठीक. मग ते पट्टीवर ताणा आणि किती सेंटिमीटरला तुटतं ते लिहा.

बीजगुण:
तिसरा तुकडा जोडा: सुपर फॉस्फेटच्याच जमिनीत दुसरा वाण, ५+१० चा. पेरणीची तारीख एकच. दोन खतांतला फरक मोठा निघतो की दोन वाणांतला, हे त्याच पट्टीवर मोजू. माझा कौल वाणाला.