निर्णय आधीच झालेला असतो, मग यूएक्सवाल्यांनी काय करायचं? सल्ला हवा आहे

कोरीपाटी
नमस्कार. पुण्यातल्या एका प्रॉडक्ट कंपनीत चार वर्षं यूएक्स डिझायनर आहे, म्हणजे सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला सोपं जावं हे बघणारी. आमचं सॉफ्टवेअर मेडिकल दुकानांचं बिलिंग आणि स्टॉक सांभाळतं. साठेक माणसं, त्यात डिझायनर आम्ही दोघी.

दिवाळीनंतर बिलाचा स्क्रीन बदलला. वरिष्ठांना आधीचा जुनाट वाटत होता आणि एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या डेमोत तसं कुणी बोललंही होतं. काम माझ्याकडे आलं तेव्हा बटणं कुठे, रंग कोणता, औषधाची बॅच (एकाच वेळी तयार झालेला माल) निवडायला वेगळी खिडकी उघडायची, सगळं ठरलेलं होतं. "आधी दोन दुकानांत जाऊन बघू या" म्हटलं, तर "तारीख देऊन झालीय" एवढंच उत्तर.

रिलीजनंतर मीच एका दुकानात जाऊन बसले. संध्याकाळचे सात, काउंटरवर गर्दी. बिल करणारे काका स्क्रीनकडे बघतच नाहीत. नजर चिठ्ठीवर, डाव्या हातात गोळ्यांची पट्टी, उजवा हात कीबोर्डवर. औषधाची पहिली तीन-चार अक्षरं, एंटर, नग, एंटर, पुढची ओळ. आता बॅचची खिडकी उघडली की एंटर चालत नाही. पट्टी खाली ठेवा, माउस धरा, क्लिक करा, पुन्हा चिठ्ठीवरची ओळ शोधा. मी होते तेवढ्यात त्यांनी दोनदा चुकीची ओळ वाचली. दोन्ही वेळा त्यांच्याच लक्षात आलं, पण औषधाचं दुकान आहे हो. मला घाम फुटला.

सपोर्टला रोज याच तक्रारी येतात, आणि "डिझाइन चुकलं" म्हणून बोट आमच्याकडे. आपलं म्हणणं ऐकलं जावं म्हणून काय करता येईल? सर्टिफिकेट कोर्सने किंवा एमबीएने शब्दाला वजन येतं का? की सरळ नोकरी बदलू?

घाटमाथा
मी याच कारणासाठी दोनदा बदलली. पहिल्यांदा पगार आणि नाव बघून गेले, तिथेही हेच. दुसऱ्यांदा मुलाखतीत एकच प्रश्न विचारला: "वापरणाऱ्यांना बघून मागच्या सहा महिन्यांत कोणता निर्णय फिरवलात?" दोन कंपन्यांत उत्तर आलं नाही. तिसरीत मॅनेजरने लगेच स्क्रीन उघडून दाखवला. तिथेच आहे अजून. बदलायची असेल तर हे विचारल्याशिवाय बदलू नका.

दीपमाळ
एकोणीस वर्षं या धंद्यात आहे, त्यातली अकरा प्रॉडक्ट मॅनेजर म्हणून, म्हणजे काय बनवायचं ते ठरवणारा. म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूने लिहितोय.

कोर्सने वजन येत नाही. तुम्ही वर जो काकांचा परिच्छेद लिहिलाय, त्याने येतं. तुमच्या वरिष्ठांनी ती पट्टी खाली ठेवताना पाहिलेलीच नाही. त्यांनी पाहिलाय डेमो, आणि डेमोत गर्दी नसते. काकांच्या कामाचा दीड मिनिटाचा व्हिडिओ काढा, पुढच्या बैठकीत लावा आणि त्यावर एक शब्दही बोलू नका. बघणाऱ्यांनाच आधी वाईट वाटू दे.

"वेळ नाही, बजेट नाही" याला उत्तर आहे. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० सालीच मांडलं होतं की पाच जणांना वापरताना बघितलं तर वापरातल्या साधारण ८५ टक्के अडचणी सापडतात. आकडा शब्दशः धरू नका, प्रत्येक माणसाला ३१ टक्के अडचणी भेटतात असं गृहीत धरून काढलेला आहे. पण पाच दुकानं म्हणजे दोन दिवसांचं काम, हे खरं. मात्र पाचही जण एकाच कामाचे हवेत. काउंटरवर बिल करणारा वेगळा आणि खरेदीची नोंद करणारा वेगळा.

मुख्य गोष्ट वेळेची. काम तुमच्यापर्यंत पोचतं तोवर निर्णय होऊन गेलेला असतो, मग तुम्ही कितीही बरोबर असा, तुमचं बोलणं म्हणजे खोडा घालणं ठरतं. म्हणून आधी जा. आठवड्यातून दोन तास सपोर्टवाल्यांशेजारी बसून कॉल ऐका. पुढच्या तिमाहीत काय शिजतंय ते तिथे महिनाभर आधी कळतं.

आणि सगळीकडे लढू नका. अ‍ॅमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांनी भागधारकांना लिहिलेल्या २०१५ च्या पत्रात निर्णयांचे दोन प्रकार सांगितलेत: ज्या दारातून परत येता येतं ते, आणि येत नाही ते. रंग, बटणाचा आकार हे परत येण्याजोगं. तिथे "बरं, करू या" म्हणून मोकळं व्हा. बोटांना लागलेलं वळण मात्र दुसऱ्या प्रकाराच्या जवळ जातं, ते मोडलं की परत येणं महागात पडतं. विंडोज ८ मधून २०१२ मध्ये स्टार्ट बटण काढलं, आणि २०१३ मध्ये ८.१ मध्ये परत आणावं लागलं. तुमचा एंटर म्हणजे त्या काकांचं स्टार्ट बटण आहे. तिथे अडून बसा.

आकडेमोड
दीपमाळ यांच्याशी सहमत, पण व्हिडिओबरोबर आकडाही न्या. नाहीतर "एका दुकानाचं काय घेऊन बसलात" म्हणतील. बिलाला लागणारी सेकंदं आणि बिल दुरुस्त करण्याचं प्रमाण, जुन्या आणि नव्या स्क्रीनवर. लॉगमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर आपोआप ठेवतं त्या नोंदीत, असेलच.

वरिष्ठांचा अंदाज चुकतो यात त्यांचा कमीपणा नाही, सगळ्यांचाच चुकतो. मायक्रोसॉफ्टमध्ये प्रयोग करून (काहींना जुनं, काहींना नवं दाखवून) तपासलेल्या कल्पनांपैकी साधारण एक तृतीयांशच ठरवलेला आकडा सुधारू शकल्या, असं तेव्हा तिथे असलेल्या रॉनी कोहावी यांनी लिहिलंय. उलटही होतं. मायक्रोसॉफ्टच्याच बिंग या सर्च इंजिनमध्ये जाहिरातीचं शीर्षक दाखवण्यातला एक छोटा बदल सहा महिन्यांहून जास्त काळ यादीत तळाला पडून होता. २०१२ मध्ये एका इंजिनिअरने तो करून चाचणी लावली आणि उत्पन्न १२ टक्क्यांनी वाढलं, एकट्या अमेरिकेत वर्षाला १० कोटी डॉलरच्या वर.

दीपमाळ
@आकडेमोड, लॉगचं पटलं. पण बिंगसारखी चाचणी लावायला हजारो-लाखो माणसं लागतात, कोरीपाटी यांच्याकडे मोजकी दुकानं असतील. आणि प्रत्येक गोष्ट आकड्यावर टाकली की दुसरं टोक गाठलं जातं. डिझायनर डग्लस बोमन यांनी २००९ मध्ये गूगल सोडताना लिहिलं होतं की दोन निळ्यांत ठरेना म्हणून मधल्या ४१ छटा तपासल्या जात होत्या. डिझायनरचा जीव त्यात घुसमटतो.

एक राहिलं. रिलीजच्या आधी दोन ओळी लिहून सगळ्यांना पाठवायची सवय लावा: "काय दिसलं तर हा बदल मागे घ्यायचा?" आधी लिहिलेलं असलं की नंतर कुणाचा मानापमान आड येत नाही.

पेठेतला
मी सेल्समध्ये आहे. सॉफ्टवेअर विकत घेतो दुकानाचा मालक, आणि वापरतो काउंटरवरचा माणूस. आम्ही मालकाशी बोलतो, तेच ऑफिसात येऊन सांगतो. खोटं नसतं, अर्धं असतं. दुकानात जाताना सेल्सच्या एकाला बरोबर न्या. मी एकदा डिझायनरबरोबर गेलो, त्यानंतर "हे फीचर देऊच" असं डेमोत बोलायच्या आधी तिला फोन करतो.

सांजवात
शिकायचंच असेल तर वजनासाठी नको, नजर तयार व्हावी म्हणून शिका. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात घडलेला मोबाइलवरचा स्वरचक्र कीबोर्ड वापरून बघा. व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती त्याच्या मात्रांचं चक्र उघडतं. बाराखडी घोकलेल्या माणसाला आणखी काही शिकवावं लागत नाही. माणसाला आधीच काय येतं ते बघून केलेलं काम असं असतं.

कोरीपाटी
सगळ्यांचे मनापासून आभार. नोकरीचा विचार सध्या बाजूला. सेल्सच्या एका सहकाऱ्याला विचारलं, शनिवारी दोन दुकानांत येतो म्हणालाय. लॉगही मागितलाय. व्हिडिओ घ्यायला काकांची परवानगी पुरेशी आहे का?

दीपमाळ
काकांची आणि मालकाची, दोघांचीही घ्या, काढायच्या आधी. कॅमेरा हात आणि कीबोर्ड एवढ्यावरच धरा. चिठ्ठीवर पेशंटचं नाव असतं, ते चुकूनही दिसता कामा नये. आणि सातलाच जा, दुपारी गर्दी नसते.