मदत हवी आहे: आइस हॉकीत डिफेन्सची मुलं डावीकडे वळताना अडखळतात

12-13 वर्षांच्या मुलामुलींना शिकवतो. डिफेन्सची मुलं उलटं स्केटिंग करताना उजवीकडे झकास वळतात. डावीकडे वळायचं म्हटलं की गुडघे ताठ होतात, अंग सरळ उभं राहतं, नजर पकवर (खेळातल्या रबरी चकतीवर) खिळते आणि फॉरवर्ड (समोरून चढाई करणारा खेळाडू) बोर्डच्या (रिंकभोवतीच्या भिंतीच्या) कडेने निसटतो.

वर्तुळावर दोन्ही दिशांनी क्रॉसओव्हर (एक पाय दुसऱ्यावरून टाकत वळणं), शंकूभोवती मोहॉक (पाय बदलून पुढून उलटं किंवा उलटून पुढे वळणं), बर्फाबाहेर एका पायावर तोल, हे सगळं घेऊन झालंय. समोर कोणी नसेल तर वळण अगदी सफाईने येतं, म्हणूनच जास्त जीव तुटतो. ब्लेडची धार आणि दोन्ही कडांची समान उंची तपासली आहे. स्टिक डाव्या हाताची असो वा उजव्या, अडचण तीच.

आठवड्याला एक तास, तोही अर्ध्या रिंकवर मिळतो. बॉडी चेकिंग (अंगाने धडक देऊन अडवणं) या वयात आम्ही घेत नाही, त्यामुळे तो मार्ग सुचवू नका.

नुसत्या सरावातलं वळण एकास-एक खेळात उतरावं यासाठी मधली पायरी कोणती घेता? फॉरवर्डला आधी ठरलेल्या बाजूनेच यायला सांगायचं, की बाजू मोकळी सोडून फक्त त्याचा वेग कमी ठेवायचा?