मदत हवी आहे: गोल्डफिशच्या गालावर पांढरे ठिपके, औषध घालूनही जात नाहीत, एक मासा गेला

बुडबुडा:
नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

चार गोल्डफिश होते, कालपासून तीन आहेत. टँक ९० बाय ३० बाय ४० सेंमी, मागे टांगायचा फिल्टर, त्यात एक मोठा स्पंज. दीड वर्षात एकही मासा आजारी पडला नव्हता.

गेल्या रविवारी ढब्बूच्या (सगळ्यात मोठा, केशरी) गालावर, म्हणजे कल्ल्यांच्या झाकणावर, बारीक पांढरे ठिपके दिसले. मिठाचे कण चिकटल्यासारखे. फोनवर शोधलं तर जिथे तिथे एकच उत्तर: व्हाइट स्पॉट. लगेच हालचाल केली नाही तर अख्खा टँक जातो हे वाचून धाबं दणाणलं. त्याच दुपारी सगळं उपसलं. खडी धुतली, काचा घासल्या, स्पंज नळाखाली पिळून पिळून अगदी पांढरा केला. जवळजवळ सगळं पाणी नवीन भरलं (क्लोरीन घालवणारे थेंब टाकले होते). मग औषध घातलं. बाटलीवर मॅलाकाइट ग्रीन आणि फॉर्मलिन लिहिलंय. हीटर हळूहळू ३० अंशांवर नेला, कारण उष्णतेने हा रोग लवकर जातो असं वाचलं.

सोमवार-मंगळवार ठीक गेले. बुधवारपासून चौघंही वर येऊन पाण्याच्या कडेला तोंड लावून उभे. पर अंगाला चिकटलेले, खाणं टाकलेलं. गुरुवारी सकाळी पिटुकली गेली. तिच्या अंगावर एकही ठिपका नव्हता, हे मला कळत नाहीये. ढब्बूचे ठिपके मात्र जसेच्या तसे.

औषध कमी पडतंय का? डोस दुप्पट करू का? आज शुक्रवार, कृपया लवकर सांगा.

पाणकावळा:
व्हाइट स्पॉटच आहे. डोस वाढवा, लिटरला ३ ग्रॅम मीठ घाला, ३० अंश दहा दिवस ठेवा. अर्धवट सोडलंत तर पुन्हा येतो.

शेवाळ:
थांबा. दुप्पट डोस अजिबात नको, आहे तोही पुढे घालू नका.

आधी एवढं सांगा. ठिपके नक्की कुठे आहेत? शेपटीवर, पाठीवर, डोळ्याजवळ आहेत का, की फक्त गालावर आणि छातीच्या पुढच्या परांवर? बाकी तिघांपैकी कुणावर दिसले होते का? अमोनिया, नायट्राइट आणि पीएच मोजलंय का? औषध किती लिटर धरून घातलं? आणि बाजूने टॉर्च मारून कल्ल्यांचा रंग बघा.

उत्तर येईपर्यंत हीटर बंद करा, पाणी आपोआप उतरू दे. एअर पंप असेल तर पूर्ण जोरात लावा. खाणं बंद.

बुडबुडा:
पंप लावला. टॉर्च घेऊन अर्धा तास टँकसमोर बसले होते. ठिपके फक्त गालावर आणि छातीच्या परांच्या पुढच्या जाड काडीवर. शेपटी स्वच्छ, पाठ स्वच्छ. बाकीच्यांवर एकही नाही, आधीही नव्हता. गालावरचे मोजले: डावीकडे ११, उजवीकडे ९. कल्ले लालभडक आहेत, चिंगीचे तर जांभळट.

औषध १०८ लिटरच्या हिशोबाने घातलं. टेस्ट किट कधी घेतलंच नव्हतं, एवढे दिवस गरज पडली नाही म्हणून. आत्ता मागवलं.

शेवाळ:
११ आणि ९ हे आकडे कागदावर लिहून ठेवा, गालाचं चित्र काढून त्यात ठिपके टिपलेत तर उत्तम. पुढे कामाला येतील.

माझा अंदाज सांगतो. ढब्बू नर आहे आणि तो आजारी नव्हताच. वयात आलेल्या नर गोल्डफिशला विणीच्या दिवसांत कल्ल्यांच्या झाकणावर आणि छातीच्या परांच्या पहिल्या काडीवर नेमके असेच टणक पांढरे दाणे येतात. मादीच्या पोटाला ढुसण्या देताना ते उपयोगी पडतात. हंगाम सरला की जातात, पुन्हा येतात. माशाला गुडघे नसतात, म्हणून तो गालाला बाशिंग बांधतो एवढंच. रविवारच्या आधी तो कुणाच्या मागे लागत होता का, आठवून बघा.

आता खरा आजार. तो रविवारी दुपारी तुमच्या हातून झाला, रागावू नका, आम्ही सगळे कधी ना कधी यातून गेलोय. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सतत पाण्यात उतरतो. स्पंजमध्ये, खडीवर, काचेवर वसलेले जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे नायट्रेट बऱ्यापैकी निरुपद्रवी असतं. ही वसाहत नव्या टँकमध्ये उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो तो जंतू मारायलाच. त्याच्याखाली तुम्ही स्पंज पांढरा केलात, खडी धुतलीत आणि काचाही घासल्यात. म्हणजे दीड वर्षाचा टँक एका दुपारी कोरा झाला, आणि आत चार मोठे गोल्डफिश तसेच. ठिपका नसलेली पिटुकली का गेली, त्याचं उत्तर बहुधा यातच आहे.

त्यात औषधाचाही हिशोब चुकला. १०८ लिटर हे काचेच्या पेटीचं माप झालं. पाणी वर चार बोटं कमी असतं, खाली खडी जागा खाते. तुमच्या टँकमध्ये ९० लिटरच्या आसपासच पाणी असेल. शिवाय फॉर्मलिन पाण्यातला ऑक्सिजन कमी करतं आणि गरम पाण्यात जास्त बाधतं. गरम पाण्यात मुळात ऑक्सिजन कमी मावतो: २५ अंशांना लिटरमागे ८.३ मिलिग्रॅमपर्यंत, ३० अंशांना साडेसात. कल्ले आधीच जळलेले, त्यात ही कमतरता.

पण हा सगळा अंदाज आहे. किट आल्याशिवाय मी पैज लावणार नाही. तोवर अर्धं पाणी मात्र बदला. नवीन पाणी टँकच्या पाण्याइतकंच कोमट करून, क्लोरीनचे थेंब टाकून, हळू ओता.

पाणकावळा:
फोटो न बघता इतकं ठाम? दाणे असतीलही. पण व्हाइट स्पॉट निघाला आणि औषध थांबवलं, तर तिघंही जातील.

खडी:
पाणकावळा, शंका रास्त आहे, पण ती सोडवायचा मार्ग त्या ११ आणि ९ मध्येच आहे. व्हाइट स्पॉटचा परजीवी कातडीच्या आत रुततो, खाऊन फुगतो, मग गळून तळाशी पडतो. तिथे कवच करून विभागला जातो, एकातून शेकडो पिल्लं निघतात आणि ती पोहत पुन्हा मासा शोधतात. औषध लागू पडतं ते या पोहणाऱ्या पिल्लांनाच, कातडीतल्या ठिपक्याला नाही. म्हणून औषध सुरू केल्यावरही ठिपके दोन-चार दिवस दिसतात, आणि म्हणूनच ठिपके गेले तरी औषध चालू ठेवायचं असतं. पण २५ अंशांच्या पुढे हे चक्र आठवड्याच्या आत फिरतं. आज गालावर असलेला ठिपका आठ दिवसांनी तिथे नसतो. नवे येतात ते शेपटीवर, पाठीवर, शेजारच्या माशावर. एकाच माशाच्या गालावर तेच ठिपके, त्याच जागी, तेवढेच राहिले तर तो रोग नाही.

जाता जाता, ज्यांना खरंच रोग ओळखायचा असेल त्यांच्यासाठी: व्हाइट स्पॉटचे कण साधारण एका मापाचे असतात आणि मासा खडीवर, पानांवर अंग घासतो. लहानमोठे, कापसासारखे वर उठलेले पुंजके असतील तर वेगळं काही समजा. टॉर्च तिरका धरल्यावर अंगावर सोनेरी पिठी चमकली तर तो मखमली रोग, व्हेल्व्हेट. सगळ्यांना एकच निळी-हिरवी बाटली लागू नाही.

बुडबुडा:
किट आलं. नळी तीनदा खंगाळून केलं, कारण पहिला रंग बघून विश्वास बसेना. सकाळी अर्धं पाणी बदलल्यानंतरचे आकडे हे आहेत. अमोनिया २, गर्द हिरवा. नायट्राइट ०.२५. नायट्रेट शून्य. पीएच ८. तापमान अजून २८.

आणि हो, ढब्बू आधी आठवडाभर चिंगीच्या मागे लागला होता. मला वाटलं मारतोय तिला.

शेवाळ:
नायट्रेट शून्य, इथेच निकाल लागला. दीड वर्ष चाललेल्या गोल्डफिशच्या टँकमध्ये ते शून्य नसतं. तुमच्या फिल्टरमध्ये आज जवळजवळ काही जिवंत नाही.

किट दाखवतं तो एकूण अमोनिया. त्यातला विषारी वाटा पीएच आणि तापमानावर ठरतो. पीएच ७ आणि २४ अंशांना तो अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. तुमच्या पीएच ८ ला ३० अंशांवर साडेसात टक्के होता. हा विषारी भाग लिटरला ०.०५ मिलिग्रॅमच्या वर गेला की कल्ल्यांना इजा होऊ लागते. २ चे साडेसात टक्के म्हणजे ०.१५, आणि सकाळचं पाणी बदलण्याआधी तर याहून बराच जास्त असणार. पीएच खाली आणायची औषधं मात्र घालू नका, त्याच्या हेलकाव्यानेही मासे मरतात. पाणी बदलणं हाच उपाय.

आज रात्री पुन्हा अर्धं. उद्यापासून रोज अर्धं, अमोनिया ०.२५ च्या खाली टिकेपर्यंत. हीटर बंदच ठेवा, गोल्डफिशला एरवीही तो लागत नाही. फिल्टरमध्ये कार्बनची पिशवी टाका, उरलेलं औषध ती ओढून घेईल. मॅलाकाइट ग्रीनच्या पाण्यात हात घालताना हातमोजे घाला. दोन दिवस उपास, नंतर चिमूटभर खाणं, तेही एकदाच.

खडी:
आणि ओळखीच्या कुणाचा टँक वर्षभर रोगाशिवाय चालू असेल तर त्याच्या फिल्टरमधला मळका स्पंज मागून आणा. ओला ठेवूनच, टँकच्याच पाण्यात. तो तुमच्या फिल्टरमध्ये बसला की सहा आठवड्यांचं काम दोनावर येऊ शकतं. दुसऱ्याचा रोगही त्यासोबत येऊ शकतो, म्हणून टँक नीट बघूनच घ्या.

अमोनिया उतरू लागला की नायट्राइट चढेल, तेव्हा घाबरू नका. ते रक्तात शिरून ऑक्सिजन वाहण्याची ताकद घालवतं, मासे पुन्हा वर येतात. तिथे मीठ कामाचं: लिटरला १ ग्रॅम, बाजूला विरघळवून, थोडंथोडं. मिठातला क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइटला आत शिरू देत नाही. मीठ उडून जात नाही, त्यामुळे पाणी बदलाल तेव्हा जेवढं पाणी काढलं तेवढ्याचंच मीठ पुन्हा घाला. अनेक जण दर वेळी पूर्ण टँकचं घालतात आणि मग मासे मिठामुळे जातात.

बुडबुडा:
तिसरा दिवस. अमोनिया ०.५, नायट्राइट ०.५. मैत्रिणीकडचा स्पंज आणला. इतका घाण की पिशवीत धरताना तोंड फिरवलं. तिघंही मधल्या पाण्यात पोहतायत, चिंगी थोडी तिरकी. ढब्बूचे ठिपके ११ आणि ९.

बुडबुडा:
नववा दिवस. अमोनिया शून्य! नायट्राइट १, म्हणून लिटरला १ ग्रॅम मीठ घातलं, वजनकाट्यावर मोजून. ठिपके ११ आणि ९. चित्राशी ताडून पाहिले, एकही हललेला नाही.

पण चिंगीच्या शेपटीची कड आणि हनुवटी काळी पडलीय, दोन दिवसांपूर्वी नव्हती. हे काय नवीन?

पाणकावळा:
नऊ दिवस तेवढेच ठिपके म्हणजे मी चुकलो. डोस वाढवा म्हटलं होतं ते मागे घेतो.

शेवाळ:
चिंगीचं काळं पडणं बहुतेक बरं होण्याचं लक्षण आहे. अमोनियाने भाजलेली जागा भरून येताना गोल्डफिशला तिथे काळा रंग चढतो, काही आठवड्यांत फिका होतो. काळं झालेलं मऊ पडून झडायला लागलं, किंवा कडेला पांढरा बुरा आला, तर मात्र लगेच लिहा. तो पर सडण्याचा प्रकार असेल.

बुडबुडा:
सोळावा दिवस. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट १०. किटवर नारिंगी रंग आला तेव्हा कुणाला दाखवू असं झालं होतं. काळं तेवढंच आहे, झडत नाही. ढब्बू पुन्हा चिंगीच्या मागे, म्हणून मध्ये जाळी लावलीय, तिला थोडी विश्रांती. डावीकडे आता १२ झालेत.

एक शेवटचं. स्पंज तपकिरी झालाय आणि पाण्याची धार थोडी मंदावलीय. धुवायचा का? कसा?

खडी:
पाणी बदलताना काढलेल्या टँकच्याच पाण्यात, बादलीत, दोनदा दाबा. तिसऱ्यांदा नको. मैत्रिणीचा स्पंज आणि तुमचा एकाच दिवशी धुऊ नका, दोन आठवड्यांचं अंतर ठेवा. धार पूर्ववत झाली की पुरे, रंगाकडे बघू नका.

बुडबुडा:
दाबला, दोनदा. अजून तपकिरीच आहे. घरात सगळे म्हणतायत एकदा स्वच्छ धुऊन टाक. मी हात लावत नाहीये.