ऑक्सिटोसिनचा फवारा : एकटेपणावर औषध का नको?

लातूरचा मामा
माझा भाचा इथं रूमवर राहून नीटची तयारी करतोय. क्लास, मेस, अभ्यासिका. दिवसभरात कुणाशी दोन शब्द होत नाहीत. कुणीतरी त्याला सांगितलं, ऑक्सिटोसिनचा नाकात मारायचा फवारा ऑनलाइन मिळतो, मन हलकं होतं, माणसांत मिसळावंसं वाटतं. घरात सगळे भडकलेत. मला मात्र यात गैर दिसत नाही. बाळ अंगावर पिताना आईच्या शरीरात स्रवतं तेच हे. २००५ मध्ये झ्युरिकच्या प्रयोगात हा फवारा घेतलेल्यांनी अनोळखी माणसावर जास्त विश्वास टाकून पैसे सोपवले होते. झोपेला गोळी चालते, मग एकटेपणाला औषध का नको?

परभणीची सिस्टर
दादा, तोच प्रयोग पुढे जास्त लोकांवर करून पाहिला, २०२०ला निकाल आला. विश्वास काही वाढला नाही. ऑटिझमच्या २९० मुलांपैकी साधारण निम्म्यांना २४ आठवडे हा फवारा दिला, बाकीच्यांना औषध नसलेला; त्याचा निकाल २०२१चा. औषधाविना फवारा मिळालेल्या मुलांपेक्षा औषध मिळालेल्यांत वेगळा फायदा दिसला नाही.
आमच्या लेबर रूमच्या फ्रीजमध्ये याच औषधाचे अँप्युल असतात. बाळ बाहेर आलं की १० युनिट मांडीत देतो, गर्भाशय आवळतं, रक्तस्राव आटोक्यात राहतो. बाईचा जीव वाचवणारं औषध आहे हे. कुरिअरने उन्हात फिरून आलेल्या बाटलीत नेमकं काय आहे, कोण सांगणार?

उदगीरचा गोठेवाला
सिस्टरताई बरोबर बोलल्या. म्हशीला पान्हा फुटावा म्हणून चोरून हेच इंजेक्शन देणारे आमच्याकडं लई पाहिले. पारडू मेलेली म्हैस आटते, तेव्हा माणूस घायकुतीला येतो, ते मला कळतं. पण आंबोण पुढं ठेवा, कास कोमट पाण्यानं धुवा, रोज त्याच माणसानं धारेला बसा. म्हैस ओळखीच्या हाताला पान्हवते. पोराला आठ दिवस गावाकडं आणा, मामा. पारावर बसला की बोलायला लागेल.

बीडची सून
पारावर बसा म्हणणं सोपं आहे, दादा. पारावर बाई बसलेली पाहिलीय का कधी? माझ्या शेजारची दिवाळीनंतर कारखान्यावर ऊसतोडीला जाते, सहा महिने कोपीत. इथं परत येते तेव्हा बोलायची सवयच गेलेली असते. अशा बाईला उद्या एखादं औषध खरंच उपयोगी ठरलं, तर तिला ते मिळालंच पाहिजे. संशोधन थांबू नये, मामांचं एवढं म्हणणं मला पटतं.

परभणीची सिस्टर
संशोधनाला माझा विरोध नाहीच, ताई. पण नेदरलँड्समधल्या प्रयोगांत असंही दिसलं की या फवाऱ्यानं आपल्या गटाबद्दलची ओढ वाढते, परक्यांबद्दल नाही. भावकीत वाटण्या झालेल्या गावात ते काय करील, याचा विचार करा.
मामा, भाच्याला मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. तोवर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर त्याला स्वतः फोन करू द्या; पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात.

लातूरचा मामा
फवारा मागवत नाही, नंबर त्याला आजच देतो. पण गोठेवाले दादा, आठ दिवस गावाला नेलं तर क्लासची टेस्ट बुडते, आणि तीच भीती त्याला खातेय. एकटं पडलेल्या पोरासाठी सिद्ध झालेलं औषध निघालं, तर मी पहिला रांगेत उभा राहीन.